फोन आला तर

रत्नागिरी
१२ फेब्रुवारी

श्री. निलेश यांस,

'प्रिय' लिहिलेलं नाही, ते विसरून नव्हे. तुम्ही माझा नंबर ब्लॉक केलाय आणि वकीलबाईंचं म्हणणं असं की यापुढे नवऱ्याशी जे बोलायचं ते लेखी बोला, 'तू' लिहू नका आणि शिव्या देऊ नका. म्हणून तुम्ही. बारा वर्षं अरे-तुरे केल्यावर हे जड जातं, पण शिव्या न देणं त्याहून जड जातंय. या पत्राची एक प्रत बाईंच्या फायलीत जाणार आहे, तेव्हा मिळालंच नाही म्हणू नका.

ठरलेलं पुन्हा एकदा लिहून काढते, म्हणजे नंतर तुम्हाला विसर पडायला नको. जानेवारीत दोन्ही वकिलांसमोर तुम्ही म्हणालात, की मे संपायच्या आत हिने रत्नागिरीत स्वतःच्या नावावर घर भाड्याने घ्यावं, नोंदणी केलेला करार दाखवावा, मी स्वतः येऊन घर बघेन, मग जूनपासून सानवी आईकडे. नाहीतर सानवी चिपळुणातच राहील. हे तुम्ही हसत म्हणालात. मी लेडीज हॉस्टेलमधे एका खाटेवर राहते, तिथे दहा वर्षांची मुलगी चालत नाही, आणि लग्नात नवरीचा मेकअप करून पोट भरणाऱ्या बाईला कोणी घर देत नाही, हे तुम्हाला चांगलं ठाऊक होतं.

तर कोणी घर देत नाही. खूश व्हा. आत शिरल्यावर चप्पल काढायच्या आधी विचारतात, नोकरी कुठे. मग पगाराची स्लिप. मी बँकेचं पासबुक पुढे करते. त्यात लग्नसराईत पैसे दिसतात आणि पावसाळ्यात शुकशुकाट. एक बाई पासबुक चाळून म्हणाल्या, "म्हणजे तुमचं उत्पन्न मुहूर्तावर?" त्यांना वाटलं विनोद झाला. खरं तेच होतं.

घर बघायला जाताना मी मंगळसूत्र घालते. नवरी सजवायला जाताना तर घालावंच लागतं, कारण नवऱ्याला सोडलेल्या बाईचा हात आमच्या पोरीला नको म्हणणाऱ्या आज्या अजून जिवंत आहेत. यातून भलता अर्थ काढू नका. ते माझ्या पेटीतलं सामान आहे, कंगवा आणि पिना असतात तसं.

आता कामाचं. नाचणे रोडला रावजीकाका म्हणून एसटीतून निवृत्त झालेले गृहस्थ आहेत. घराच्या मागच्या अंगाला दोन खोल्या आणि न्हाणी, दारात प्राजक्त, शाळा चालत जाण्याजोगी. काका मला आवडले. त्यांनीही स्लिप विचारली, मी नाही म्हटलं, तर म्हणाले, "बरां, नसू दे. मिस्टर काय करतंत?" मी म्हटलं, चिपळूणला रंगाचं दुकान आहे, तिकडे असतात. यात खोटं काय आहे? "मग त्यांचा नंबर दे गो बाय. यक डाव बोलतो नि चावी देतो."

मी तुमचा नंबर दिला. दुसरा कुणाचा देणार? बाबा गेले, भाऊ नाही, आणि बाईच्या फोनला इथे कोणी विचारत नाही.

तुमच्यापुढे हात पसरायची वेळ आली याचा मला किती राग येतोय ते वकीलबाईंच्या फायलीत मावणार नाही. तरी लिहिते. रावजीकाकांचा फोन आला तर एवढंच म्हणा, 'हो'. सही नको, जामीन नको, तुमच्या खिशाला हात नको. ते विचारतील, बाईला खोल्या देऊ काय? तुम्ही म्हणा, हो. एक शब्द. सानवीसाठी.

तिला सर्दी झाली की आधी वाफ द्या, लगेच सिरप पाजू नका.

दर्शना


५ मार्च

श्री. निलेश यांस,

तुम्ही 'हो' म्हणाला नाहीत.

तुम्ही काय म्हणालात ते रावजीकाकांनी मला जसंच्या तसं सांगितलं, कारण माणूस सरळ आहे. तीन वाक्यं बोललात. आम्ही वेगळे राहतो. तिच्या कमाईचा भरवसा नाही. मी कशालाच जबाबदार नाही. तिन्ही खरी. एकाही वाक्याला वकीलबाईंना हरकत घेता येत नाही. खरं बोलून माणसाचा गळा कसा कापावा हे तुमच्याकडून शिकावं.

काका ओशाळले होते. मला चहा दिला, खोबऱ्याची वडी दिली, आणि मग भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं. "राग मानू नको बाय. पन बघ, यंदा अधिक जेष्ठ हाय. मे अर्ध्यावर आला काय लग्नां बंद. अधिक संपतोय तवर पाऊस. तिथून म्होरं चातुर्मास. तू भाडा देनार कशातून?" ते महिने उलटत होते आणि मी माझी कमाई जाताना बघत होते. वर्षातला माझा धंदा त्यांनी दोन मिनिटांत मांडून दाखवला. मी वडी खाल्ली आणि उठले. वडी चांगली होती, हेही सांगून टाकते.

आता तुम्हाला एक विचारते. तुमची पगाराची स्लिप कुठे आहे? दुकान आईंच्या नावावर, परवाना आईंच्या नावावर, गल्ल्याची चावी आईंच्या कमरेला. तुम्हाला पेट्रोलला पैसे लागले की तुम्ही गल्ल्यापाशी जाऊन उभे राहता, हे मी बारा वर्षं बघितलंय. पण तुम्हाला कोणी विचारत नाही. तुम्ही नुसते दारात उभे राहिलात की तुमचं उत्पन्न स्थिर दिसतं.

माझ्या कमाईचा भरवसा नाही म्हणता. ती कमाई पुरात दुकान बुडालं त्या वर्षी बरी चालली. तेव्हा सबंध घर माझ्या पेटीवर जेवलं. तीच पेटी ऑक्टोबरच्या पावसात तुम्ही अंगणात फेकलीत, कारण मी दापोलीच्या लग्नावरून उशिरा आले. ब्रश चिखलात, पावडरी वाहून चाललेल्या, आणि सानवी छत्री घेऊन एकेक लिपस्टिक वेचत होती. मी घर का सोडलं असं तुम्ही लोकांना विचारत फिरता म्हणे. हे त्याचं उत्तर, आता लेखी.

घराचा शोध चालू आहे. दीपक म्हणून एक एजंट आहे, स्कूटरवरून फिरवतो. तो म्हणतो, "ताई, नवऱ्याची बदली होणारे असं ठोकून द्यायचं." मी म्हटलं, आमच्याकडच्या नवऱ्याची बदली होत नाही, तो आहे तसाच राहतो. एका मालकाने मासे शिजवायचे नाहीत अशी अट घातली. रत्नागिरीत राहून. दुसऱ्याने अकरा महिन्यांचं भाडं आगाऊ मागितलं. तिसऱ्याची बायको माझ्या तोंडावर म्हणाली, एकट्या बाईकडे कोण येतं-जातं ते आम्ही कुठे बघत बसू. तिच्या भाचीचं लग्न एप्रिलमधे आहे. मला बोलावणं आलं तर मी जाणार आहे आणि भाचीला अशी नटवणार आहे की हिच्याकडे कोणी बघणार नाही.

रविवारी आईंच्या फोनवरून सानवीशी बोलू देता, तेवढं बंद करू नका. ते आई करतात, तुम्ही नाही, हेही मला माहीत आहे. परवा तिने विचारलं, "आई, घर मिळालं?" मी म्हटलं, बघतेय. ती म्हणाली, "खिडकी असलेलं बघ." एवढंच मागितलं पोरीने.

दर्शना


९ एप्रिल

श्री. निलेश यांस,

सोबत नोंदणी झालेल्या भाडेकराराची झेरॉक्स जोडली आहे. अकरा महिने. भाडेकरू म्हणून माझं नाव आहे, एकटीचं. पोलिसांकडे माहिती देऊन झाली. तुमचा नंबर कुठेही द्यावा लागला नाही.

घर कसं मिळालं ते सांगते, म्हणजे दुसऱ्याकडून ऐकायला नको. ईद झाल्यावर इथल्याच राजिवड्याला लायबा नावाच्या मुलीचं लग्न होतं. मेकअपला मी होते. तिची मावशी कनीज सकाळपासून खुर्ची टाकून माझ्या हाताकडे बघत बसली होती. मुलगी रडली की काजळ उतरतं, मी पुन्हा लावायची, ती पुन्हा रडायची. शेवटी मी लायबाला म्हटलं, आता काय ते एकदाच रडून घे, मी थांबते. ती रडली, मी थांबले, मग काजळ लावलं ते टिकलं. कनीजबी म्हणाल्या, "तुज्याकडं दम हाय." बोलता बोलता घराचं निघालं. त्यांच्या वरचा मजला रिकामा होता. मुलगा यासीन तिकडे आखातात, दोह्याला असतो, त्याने पैसे पाठवून बांधला. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि खिडकी. खिडकीतून खाडी दिसते आणि होड्या.

बाई साध्या नाहीत. त्यांनीही विचारलं की मिस्टर काय करतात. मी या वेळी खरं सांगितलं, की ते चिपळूणला असतात आणि मी त्यांच्याबरोबर नसते. त्या म्हणाल्या, "माजे तर कबरीत असतात. भाडा कोन देनार ता सांग." मी म्हटलं, मी. त्यांनी पासबुक मागितलंच नाही. त्यांच्या घरातला पैसाही जहाजाबरोबर यायचा आणि जहाजाबरोबर थांबायचा, त्यामुळे दर महिन्याच्या पगाराचं त्यांना कौतुक नाही.

पण एका गोष्टीवरून आमचं कडाक्याचं वाजलं. मी वर्षातले काही दिवस तिथे नसणार आहे. त्या दिवसांचं भाडं कापा असं माझं म्हणणं. त्या ऐकेनात. भाडं पुऱ्या महिन्याचं, बारीक-सारीक कापाकापी नाही. "भाडा चालू तर घर चालू," म्हणाल्या. मी त्यांना कंजूष म्हटलं, तोंडावर. त्यांनी हसून पान लावलं. शेवटी मीच नमले, कारण माझ्या मागे मे महिना लागलाय आणि त्यांच्यामागे कोणीही नाही.

तेव्हा आता तुम्ही या आणि घर बघा. सानवीला घेऊन या. लवकर आलात तर बरं, एप्रिलमधेच.

दर्शना


२२ एप्रिल

श्री. निलेश यांस,

तुमचं वकिलामार्फत आलेलं पत्र वाचलं. 'सदर वस्ती मुलीच्या संगोपनास अनुकूल वाटत नाही.' हे वाक्य तुमचं नाही. तुम्हाला 'सदर' लिहिता येत नाही. पण त्यामागचं तोंड तुमचंच आहे.

कुठली वस्ती? तुमच्या दुकानातला होड्यांचा रंग कोण नेतं? गोवळकोटचे खलाशी उधारीवर डबे नेतात आणि ईदच्या आधी एकेक पैसा चुकता करतात, तेव्हा तुमची आईच म्हणते, गिऱ्हाईक असावं तर असं. डबे विकायला ती माणसं चालतात. त्यांच्यात मुलगी राहायला चालत नाही.

आणि अनुकूल म्हणजे काय ते सांगा. शेजारच्या शबानाबी मला विचारल्याशिवाय माझं दूध तापवून ठेवतात. सकाळी मासे दारात येतात. शाळेची रिक्षा नाक्यावर थांबते. तुमच्या अनुकूल घरात अंगणात काय पडलं होतं ते मार्चच्या पत्रात लिहिलंय.

वकीलबाईंनी तुमच्या वकिलांना कळवलंय की ठरलं होतं ते घर, करार आणि पाहणी. वस्ती ठरली नव्हती. तेव्हा पाहणीला या. मी अजून एकदा सांगते, एप्रिलमधे किंवा मेच्या पहिल्या पंधरवड्यात या.

दर्शना


११ मे

श्री. निलेश यांस,

रविवारी २४ मेला पाहणीला येणार, असं तुम्ही कळवलंत. तो दिवस मला जमणार नाही. दापोलीला लग्न आहे, मोठी ऑर्डर आहे, दोन दिवस आधीपासून तिकडे राहावं लागेल. त्या पुढचा आठवडाही तसाच.

त्याऐवजी १६ मेच्या आत कधीही या. उद्या या. मी घरी आहे. किंवा मग थोडं थांबून १० जूननंतर. मे अखेरची मुदत तुम्हीच घातलीत, ती आठ-दहा दिवस पुढे गेल्याने आकाश कोसळत नाही. करार तर एप्रिलपासून चालू आहे.

तुम्ही मुद्दाम तीच तारीख धरून बसू नका. एवढी एक गोष्ट सोपी होऊ द्या.

दर्शना


दापोली
२६ मे

निलेश,

ही प्रत वकीलबाईंना जाणार नाही. त्यामुळे तू.

तू कॅलेंडर बघितलंस. १७ मेला अधिक लागला आणि मी २४ चं लग्न लिहून बसले. नवरीचा धंदा करणाऱ्या बाईने अधिक महिन्यात लग्न लावलं. रावजीकाकांनी मांडीवर कॅलेंडर घेऊन मला पाठ करून दिलं होतं, तरी घाईत हात चुकला. तुझ्या वकिलाच्या ऑफिसात यावर किती हसलात ते सांग, मला उत्सुकता आहे.

पण तेवढ्याने तुला पुरेसं कळलं नसतं. पुढचं काम इथे दापोलीत माझ्या आईने केलं. धोंड्याचा महिना लागला, जावयाला वाण द्यायचं, म्हणून तिने अनारसे केले. मी म्हटलं, कुठला जावई? ती म्हणाली, "तुजा नवरा गेला आसंल. माजा जावाय कुठं गेला नाय." आणि तुला फोन केला. अनारसे घ्यायला या म्हणाली. आणि तू गोड बोलून विचारल्यावर हेही सांगून बसली की दर्शना इथेच आहे, घर तीन आठवडे मोकळं करून दिलंय, मालकिणीचा मुलगा परदेशातून आलाय. तिला वाटलं ती संसार सांधतेय. परवापासून बिचारी जेवलेली नाही.

हो, ती अट होती. तुला सांगितली नाही. यासीन वर्षातून एकदा बायको-मुलं घेऊन बकरीदला येतो, तेव्हा तीन आठवडे वरचा मजला त्याला द्यायचा आणि मी माझी सोय बघायची. पगारदार माणसं ही अट ऐकून उठून गेली. म्हणून तर ते घर माझ्यापर्यंत आलं. चांगलं घर मला चांगल्या अटीवर कोण देणार होतं? ते दार तू फेब्रुवारीतच लावून टाकलंस.

मी घरी नाही हे माहीत असताना तू राजिवड्याला गेलास. इथवर तुझं मला आश्चर्य नाही. पण तू सानवीला घेऊन गेलास. आईचं घर म्हणून दुसऱ्याचा संसार तिला दाखवायला. त्याबद्दल मी तुला कधी माफ करणार नाही, आणि हे रागात लिहिलेलं नाही, दोन दिवस थांबून लिहिलंय.

तिथे काय झालं ते तू मला सांगणार नाहीस. कनीजबींनी फोनवर सांगितलं, ते तुला परत सांगते, बघ बरोबर आहे का.

दार यासीनच्या बायकोने उघडलं. मागे तीन पोरं आणि उघड्या बॅगा. तू मोबाईल काढून बॅगांचे फोटो घेतलेस आणि सानवीला म्हणालास, "बघ, हे आईचं घर. आई दिसतेय का?" खालून कनीजबी वर आल्या. कोण तुम्ही? तू म्हणालास, दर्शनाचे मिस्टर. तेव्हा मिस्टर झालास. हे घर तिचं नाहीच, करार नुसता कागदावर आहे, माणसं तर तुमचीच राहतात, हे मी कोर्टात सांगेन, असं तू त्यांना ऐकवलंस.

आणि त्या म्हणाल्या, "मे म्हैन्याचा भाडा मी तिच्याकडून पुरा घेतलाय. जूनचा पन घेनार. ज्याचा भाडा चालू, घर त्याचाच. माजा पोरगा हितं पावना हाय. तिला इचारून ऱ्हवलाय. तुमी कुनाला इचारून आलात?"

ज्या भाड्यावरून मी त्या बाईला कंजूष म्हटलं, तेच भाडं दारात उभं राहिलं. मी एक पैसा कापून घेतला असता तर त्या तसं म्हणू शकल्या नसत्या. आणि खोटं त्या बोलल्या नसत्या, मला ठाऊक आहे. त्या भाड्याला पक्क्या आहेत तशाच बोलायलाही.

तरी तू हटला नाहीस. पुरावा काय म्हणालास. मग त्यांनी तुला स्वयंपाकघरात नेलं आणि मांडणीवरची भांडी दाखवली. फोटो काढायचा तर याचा काढा म्हणाल्या. रुखवतातली भांडी आहेत ती, घर सोडताना मी आणलेली. प्रत्येकावर नाव घातलेलं आहे, सौ. दर्शना निलेश. डबे, पातेली, तांब्या, सगळ्यांवर. राजिवड्याच्या त्या स्वयंपाकघरात तुझं नाव तू स्वतः वाचलंस. त्याचा फोटो काढलास का, ते कनीजबींना आठवत नाही.

हे सगळं चालू असताना सानवी कुठे होती ते तू बघितलंस? ती कुणाला न विचारता आतल्या खोलीत गेली आणि खिडकीशी उभी राहिली. प्रत्येक रविवारी मी तिला फोनवर ते घर दाखवत होते. डावीकडे कपाट, पुढे खिडकी, खिडकीत खाडी, त्यात एक पिवळी होडी. तिथे यासीनची धाकटी बसली होती. सानवी तिला म्हणाली, "ही माझी खिडकी आहे. पण तू बस." आणि तिच्या शेजारी बसली.

कनीजबींच्या म्हणण्याप्रमाणे त्यानंतर तू मोबाईल खिशात ठेवलास. चहाला थांबला नाहीस. जाताना सानवीने चप्पल घालायला बराच वेळ लावला.

आता तुला कोर्टात जायचं असेल तर जा. बॅगांचे फोटो घेऊन जा. मी कनीजबींना घेऊन येईन.

दर्शना

ता. क. आईचे अनारसे डब्यात आहेत. ते तुला मिळणार नाहीत.


राजिवडा, रत्नागिरी
२८ जून

श्री. निलेश यांस,

पुन्हा तुम्ही, कारण पुन्हा प्रत जाणार आहे.

सानवी बारा तारखेपासून इथे आहे. दोन्ही वकिलांनी शनिवार-रविवार तुम्हाला भेटायचं लिहून घेतलं, रत्नागिरीत, आणि तुम्ही त्यावर सही केलीत. का केलीत ते तुम्ही सांगितलं नाहीत आणि मी विचारणार नाही. तुमच्या आईंनी मला फोन केला होता. म्हणाल्या, पोरगी राजिवड्याहून परत आल्यापासून रोज त्या होडीचं सांगत होती, ऐकवेना. त्या रडल्या. मीही थोडी रडले. तुमच्यासाठी नाही.

यासीन दोह्याला गेला. परत आले तेव्हा घरात नवीन पडदा होता, त्याच्या बायकोने शिवून लावलेला. कनीजबींनी त्याच दिवशी दारात उभं राहून जूनचं भाडं घेतलं. जूनमधे माझ्याकडे एकही लग्न नव्हतं. एप्रिल-मेच्या पैशातून दिलं. पुढे तुळशीच्या लग्नापर्यंत कसं करायचं ते मी बघते आहे, लायबाच्या नणंदेला मेकअप शिकायचाय, दोघी-तिघी आणखी आहेत. भरवसा नाही म्हणालात ते खरंच आहे. भरवसा अजूनही नाही. पण घर आहे.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. काल रावजीकाकांचा फोन आला. मला वाटलं चुकून लागला. म्हणाले, "बाय, तुजे मिस्टर आले होते. शनवार-रविवारला पोरीला भेटाया येतंत, लॉजवर परवडत नाय, म्हातारीला पन आनायची हाय, म्हनून मागच्या खोल्या इचारतात. मी पगाराचा इचारला तर म्हनाले, दुकान आईच्या नावावर हाय. मग हितलां वळखीचां कोन, तर तुजा नंबर दिलानी." मग म्हणाले, "मला जरा कसाचां वाटला. पन इचारायला लागतंय. मानूस कसा हाय गो?"

तुम्ही माझा नंबर दिलात. बारा वर्षांत तुम्हाला माझी अशी गरज कधी पडली नव्हती.

माणूस कसा आहे. मला काय काय सांगता आलं असतं, ते तुम्हाला माहीत आहे. मलाही तीन वाक्यं येतात. आम्ही वेगळे राहतो. त्यांना स्वतःचं उत्पन्न नाही. मी कशालाच जबाबदार नाही. एकही खोटं नाही. सानवी समोर बसून पेन्सिलीला टोक करत होती. काका वाट बघत होते. मागे त्यांच्या रेडिओचा आवाज येत होता.

मी म्हटलं, "हो."

काका म्हणाले, "हो म्हंजे काय गो?"

"हो म्हणजे द्या खोल्या."

एवढंच बोलले. उपकार म्हणून नाही. मी विसरले आहे असंही नाही, पेटीपासून बॅगांच्या फोटोपर्यंत सगळं जागच्या जागी आहे. फेब्रुवारीत तुमच्याकडे मागितलेला हा एक शब्द तोंडातून काढायला माणसाला किती त्रास होतो, ते मला बघायचं होतं. फार होत नाही.

भाडं काकांना वेळेवर द्या. आता तुमच्या खोल्यांमागे माझा शब्द आहे, आणि या गावात माझं नाव अजून खराब झालेलं नाही. शनिवारी येताना सानवीची सायकल आणा. आमच्या जिन्यात ती मावत नाही. रावजीकाकांच्या अंगणात प्राजक्ताखाली राहील.

दर्शना